माश्यांचे आयुष्य वाढले, पण कोणत्या माश्यांचे?

मार्च संपत आला की गोंदिया जिल्ह्यातील देवरी, सालेकसा भागात पहाटेपासून मोहफुले वेचण्याची लगबग सुरू होते. वेचलेली फुले अंगणात वाळत घालतात. टोपलीच्या तळाशी जी ओलसर राहतात ती आंबू लागतात आणि त्यांच्यावर बारीक चिलटे घोंगावू लागतात. अशाच दिवसांत आम्ही या भागातल्या एका शिक्षक कार्यशाळेला गेलो होतो. तिथे विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी केलेला एक तक्ता भिंतीवर लावला होता. मथळा होता, ‘म्हातारपण का येते?’ मध्यभागी लाल डोळ्यांच्या माशीचे छान चित्र होते. त्याखाली लिहिले होते, ‘माशीवरील प्रयोगाने सिद्ध : अँटिऑक्सिडंटमुळे आयुष्य एक तृतीयांशाने वाढते.’

चहाच्या वेळी तक्ता करून घेणाऱ्या बाई आमच्याकडे आल्या. त्यांचे एक नातेवाईक फळांच्या रसाच्या बाटल्या विकतात. सासूबाईंसाठी बाई दर महिन्याला दोन बाटल्या घेतात. किंमत बरीच आहे. ‘सर, तो माशीचा प्रयोग खरा आहे ना?’ त्यांनी विचारले. ‘प्रयोग खरा आहे,’ आम्ही म्हणालो. तेवढ्यात पुढच्या सत्राची घंटा झाली.

आमचे उत्तर चूक नव्हते, पण अर्धे होते. राहिलेले अर्धे देण्यासाठी हा लेख. आणखी एक कबुली आधीच देतो : हा प्रयोग आम्ही स्वतः कित्येक वर्षे वर्गात असाच, अर्धा सांगत आलो. त्यामुळे पुढची टीका त्या तक्त्याइतकीच आमच्यावरही आहे.

आधी माशीची ओळख

आंबा आणि काकडीवर्गीय पिकांवर पडणारी, फळात अंडी घालून ते सडवणारी जी ‘फळमाशी’ शेतकऱ्यांना ठाऊक असते, ती वेगळी. प्रयोगशाळेतली माशी म्हणजे पिकलेल्या केळ्यांभोवती किंवा आंबलेल्या मोहफुलांवर दिसणाऱ्या चिलटांच्या जातकुळीतली. तिचे नाव ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. लांबी दोन-तीन मिलिमीटर. पंचवीस अंश सेल्सियस तापमानात अंड्यापासून पूर्ण वाढलेली माशी व्हायला सुमारे दहा दिवस पुरतात आणि प्रौढ माशी साधारण दोन महिने जगते. म्हणून एखाद्या प्राण्याचे सगळे आयुष्य, जन्मापासून मरणापर्यंत, एका सत्रात मोजायचे असेल तर ही माशी फार सोयीची. बाटलीत मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगार यांचे खाद्य घालायचे, दर दोन-तीन दिवसांनी माश्या ताज्या बाटलीत हलवायच्या आणि मेलेल्या मोजायच्या. काम सोपे वाटते. त्यातली अवघड गोष्ट पुढे येईलच.

सिद्धांत काय होता?

१९५६ साली डेनहॅम हारमन या अमेरिकन संशोधकाने एक कल्पना मांडली. शरीरात ऑक्सिजन वापरला जाताना काही अर्धवट, अस्थिर रेणू तयार होतात. त्यांना मुक्त मूलक म्हणतात. त्यांच्यात एका इलेक्ट्रॉनची जोडी जुळलेली नसते. मग ते शेजारच्या प्रथिनांवर, मेदावर, डीएनएवर तुटून पडतात. असे नुकसान वर्षानुवर्षे साचत जाते आणि त्यालाच आपण म्हातारपण म्हणतो, असे हारमन यांचे म्हणणे होते.

त्या वेळी या कल्पनेकडे फार कुणी लक्ष दिले नाही. १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी एक शोध लावला. गाईबैलांच्या रक्तातले तांबे असलेले एक प्रथिन शास्त्रज्ञांना तीस वर्षे माहीत होते, पण ते नेमके काय काम करते ते कळत नव्हते. ते एक विकर निघाले. सुपरऑक्साइड नावाच्या मुक्त मूलकाचे ऑक्सिजन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांत रूपांतर करणे हे त्याचे काम. त्याचे नाव सुपरऑक्साइड डिस्म्युटेज. तयार झालेले हायड्रोजन पेरॉक्साइडही घातकच. त्याचे पाणी आणि ऑक्सिजन करणारे विकर म्हणजे कॅटलेज. पेशीने अशी विकरे बाळगली आहेत, त्या अर्थी धोका खरा असला पाहिजे, असे लोकांना वाटू लागले आणि हारमन यांच्या सिद्धांताला बळ आले.

कॅटलेजचे काम वर्गात पाच मिनिटांत दाखवता येते. औषधांच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइडचे पातळ द्रावण आणा. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर त्याचे चार थेंब टाका. लगेच फेस येतो. तो ऑक्सिजन. आता उकडलेल्या बटाट्याच्या फोडीवर थेंब टाका. फेस येत नाही, कारण उकळल्याने विकर निकामी झाले. तिसऱ्या, कच्च्या फोडीवर नुसते पाणी टाका. तिथेही फेस नाही. पहिल्या फोडीत जे दिसले त्याचा अर्थ दुसरी आणि तिसरी फोड नसती तर लावता आला नसता. या दोन फोडी लक्षात ठेवा. पुढचा सगळा वाद त्यांचाच आहे.

१९९४ चा प्रयोग

डलासच्या सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठातील विल्यम ऑर आणि राजिंदर सोहल यांनी विचार केला : सिद्धांत खरा असेल तर ही विकरे जास्त असलेली माशी जास्त जगली पाहिजे. त्यांनी आधी एकट्या कॅटलेजची जनुके वाढवून पाहिली होती. आयुष्य वाढले नव्हते. यात नवल नाही. एक विकर घातक रेणू दुसऱ्याच्या हाती सोपवते आणि दुसरे त्याचा निकाल लावते. एकालाच बळ देऊन काय उपयोग? म्हणून त्यांनी दोन्ही जनुकांच्या जादा प्रती एकाच माशीत घातल्या. निकाल ‘सायन्स’ या साप्ताहिकात फेब्रुवारी १९९४ मध्ये आला. काही वाणांतील माश्यांचे आयुष्य एक तृतीयांशापर्यंत वाढले होते. त्यांच्या प्रथिनांचे ऑक्सिडीकरण कमी झाले होते आणि उतारवयातही त्या अधिक चपळ होत्या.

प्रयोग हुशारीने योजलेला होता. सिद्धांतातून भाकीत काढायचे, ते खोटे ठरू शकेल अशी चाचणी घ्यायची, केवळ आयुष्य न मोजता नुकसानही मोजायचे, हे सगळे त्यात होते. पाठ्यपुस्तकांत तो गेला, वर्तमानपत्रांत गेला आणि तिथून जाहिरातींत. त्या प्रवासात ‘काही वाणांतील’ आणि ‘पर्यंत’ हे शब्द गळून पडले. आणि एक प्रश्न तर कुणी विचारलाच नाही : ज्यांच्याशी तुलना केली, त्या माश्या किती जगत होत्या?

तुलना कुणाशी?

गोंदियाच्या शिक्षकांना हा मुद्दा धानाच्या भाषेत सांगितला तर चटकन समजेल. समजा, एका कंपनीने नवे खत आणले. एका बांधीत खत टाकले, दुसरीत टाकले नाही. खताच्या बांधीत दीडपट धान आले. पण चौकशी केल्यावर कळले की बिनखताची बांधी बरड जमिनीतली होती, तिच्यात पऱ्हे उशिरा रोवले होते आणि पाणीही अपुरे होते. मग दीडपट कशाच्या? कदाचित खताने एवढेच केले असेल की कमी पडत होते ते भरून काढले. गावातल्या चांगल्या बांधीत तेच खत टाकून काही फरक पडतो का, हे अजून कुणी पाहिलेलेच नाही.

माश्यांचेही तसेच. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यात वाढवलेल्या माश्यांत दोष साचतात आणि त्या लवकर मरतात. अशा दोन वाणांचा संकर केला तर नवे जनुक न घालताही संतती जास्त जगू शकते. शिवाय त्या काळच्या तंत्राने घातलेले जनुक गुणसूत्रावर नेमके कुठे जाऊन बसेल, हे आधी ठरवता येत नसे. कधी ते एखाद्या महत्त्वाच्या जनुकात घुसून माशीचे आयुष्य कमीही करी. म्हणजे ‘जनुक घातलेली’ आणि ‘न घातलेली’ माशी यांच्यात फक्त एकाच जनुकाचा फरक आहे, असे खात्रीने म्हणता येत नव्हते. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी १९९७ मध्ये नेमक्या याच अडचणीबद्दल सावधगिरीचा इशारा छापला.

पुढे काही संशोधकांनी अधिक काटेकोर रचना केल्या. १९९८ मध्ये पार्क्स आणि सहकाऱ्यांनी माणसाचे डिस्म्युटेजचे जनुक माशीच्या फक्त चालक चेतापेशींत चालू केले. आयुष्य ४० टक्क्यांपर्यंत वाढले. १९९९ मध्ये सन आणि टॉवर यांनी माशी प्रौढ झाल्यावर थोड्या उष्णतेने जनुक चालू करण्याची युक्ती वापरली. तुलनेच्या माश्याही त्याच घराण्यातल्या. तिथेही सरासरी आयुष्य ४८ टक्क्यांपर्यंत वाढले. म्हणजे सिद्धांत जिंकला? तसे वाटत होते.

मग २००३ साल उजाडले. ऑर आणि सोहल यांनी सहकाऱ्यांसह तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला. या वेळी त्यांनी मुळातच जास्त जगणाऱ्या वाणाच्या माश्या घेतल्या. दोन्ही प्रकारची डिस्म्युटेज, कॅटलेज आणि आणखी एक विकर वाढवून पाहिले. विकरे वाढली. आयुष्य वाढले नाही. त्याच वर्षी आणखी एका लेखात त्यांनी मागे वळून आढावा घेतला आणि आयुष्यवाढीचे निकाल प्रामुख्याने अल्पायुषी माश्यांत मिळाले असल्याचे दाखवून दिले. त्यात त्यांचा स्वतःचा गाजलेला प्रयोगही आला. २००५ मध्ये त्यांच्याच गटाने तंतुकणिकांच्या आत दोन्ही विकरे एकदम वाढवली. त्या माश्या विषारी रसायने अधिक चांगल्या सोसत होत्या, पण त्यांचे आयुष्य उलट घटले. विषाचा मारा सोसणे आणि जास्त जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून स्पष्ट झाले. पार्क्स यांचे जनुक इतर गटाने दीर्घायुषी वाणांत घालून पाहिले, तेव्हा परिणाम माशी नर की मादी आणि ती कोणत्या घराण्यातली यावर अवलंबून असल्याचे दिसले.

आम्हाला या सगळ्या कथेतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो २००३ चा. ज्या प्रयोगाने नाव मिळवून दिले, त्याच्या पायाखालची माती स्वतःच उकरून पाहायची आणि जे दिसले ते छापायचे, याला धैर्य लागते. पण १९९४ चा निकाल लोकांपर्यंत पोहोचला आणि २००३ चा पोहोचला नाही. आम्ही स्वतः तो वाचला, तेव्हा आमच्या टिपणवहीत जुनाच निकाल होता आणि पुढचे काही वर्ग आम्ही त्याच वहीवरून घेतले. ‘वाढले’ ही बातमी होते. ‘नीट मोजले तर वाढले नाही’ ही होत नाही.

नसले तर मरण, जास्त असले तर?

इथे कुणी विचारील : पण विकर नसले तर माशी लवकर मरते, हे तरी खरे ना? अगदी खरे. १९८९ मध्ये फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी पेशीद्रवातले डिस्म्युटेज नसलेल्या माश्या तपासल्या. त्या फार थोडे जगल्या. तंतुकणिकांतले डिस्म्युटेज नसेल तर माशी कोषातून बाहेर आल्यावर दिवसभरातच मरते, असे २००३ मध्ये दिसले.

पण यातून ‘जास्त दिले तर जास्त जगेल’ असे निघत नाही. धान पोटरीवर असताना पाणी तुटले तर पीक जाते. म्हणून भरलेल्या बांधीत तलावाचे आणखी पाणी सोडले तर उत्पन्न दुप्पट होते का? पाणी बांधावरून वाहून जाते, फार झाले तर पीक लोळते. कमतरतेने मरण येते यावरून एवढेच कळते की ती गोष्ट गरजेची आहे. कमतरतेचा निष्कर्ष विपुलतेला लावणे ही चूक विद्यार्थीच करतात असे नाही, आमच्यासारखे पदवीधारकही करतात.

माश्यांपलीकडेही हेच दिसले. २००९ मध्ये टेक्सासमधील पेरेझ, रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरील कामाचा आढावा घेतला. ऑक्सिडीकरणापासून रक्षण करणाऱ्या जनुकांत १८ वेगवेगळ्या प्रकारे फेरफार केले होते. त्यांपैकी फक्त एकात आयुष्य सिद्धांताने सांगितल्याप्रमाणे बदलले. तेही कमी झाले, एक डिस्म्युटेज पूर्ण काढून टाकल्यामुळे.

माणसांबद्दलचा सर्वांत बोलका निकाल तर १९९४ चाच आहे, माश्यांच्या प्रयोगानंतर जेमतेम दोन महिन्यांनी आलेला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून काहींना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, काहींना ई जीवनसत्त्वाच्या, काहींना दोन्ही, तर काहींना नुसत्या दिखाऊ. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त आढळला. २००७ मध्ये ६८ चाचण्यांमधील २,३२,६०६ लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. काटेकोर चाचण्यांत बीटा-कॅरोटीन, अ आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी मृत्यू कमी झाले नाहीत, किंचित वाढलेच.

असे का व्हावे? मुक्त मूलक केवळ शत्रू नाहीत. आपल्या पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड वापरूनच जंतू मारतात. व्यायाम केल्यावर स्नायूंत मुक्त मूलक वाढतात आणि तोच इशारा समजून पेशी आपली संरक्षक विकरे स्वतः वाढवतात. २००९ मध्ये जर्मनीत असे दिसले की व्यायामाबरोबर क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांत व्यायामाचा काही फायदा बुजून गेला. इशाराच पुसला, मग पेशी सावध कशी होणार?

याचा अर्थ सारा सिद्धांत टाकाऊ असा नाही. वयाबरोबर ऑक्सिडीकरणाचे नुकसान वाढते, हे मोजलेले आहे. पण ते म्हातारपणाचे कारण आहे की सोबती, हे त्यावरून ठरत नाही. केस पांढरे होणेही वयाबरोबर वाढते. म्हणून कलप लावला तर कुणी तरुण होत नाही.

परीक्षानळीतील जांभळा रंग

आपल्याकडील महाविद्यालयांत एक प्रकल्प फार आवडता आहे. जांभूळ, आवळा, मोहफूल, कुठल्याही वनस्पतीचा अर्क घ्यायचा आणि डीपीपीएच नावाच्या जांभळ्या रसायनात टाकायचा. रंग फिका पिवळा झाला की ‘अँटिऑक्सिडंट गुण सिद्ध’. चाचणी चांगली आहे, पण ती फक्त एवढे सांगते की नळीत अर्काने त्या रसायनाला इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन दिला. अर्क पचल्यावर त्यातले किती रक्तात उतरते, पेशीत किती शिरते, तिथल्या विकरांच्या तुलनेत त्याचे बळ किती, यातले काहीच नळीला माहीत नसते.

कुणी पुढे जाऊन तो अर्क माश्यांच्या खाद्यात मिसळतो आणि माश्या जास्त जगतात. तरी थांबावे लागते. अर्क कडू असेल तर माश्या कमी खातात, आणि कमी खाल्ल्याने माश्यांचे आयुष्य वाढते हे स्वतंत्रपणे दिसून आलेले आहे. मग आयुष्य अर्काने वाढवले की उपासाने? माश्यांनी किती खाल्ले हे मोजल्याशिवाय उत्तर नाही. मेलेल्या माश्या मोजणे सोपे आहे असे आम्ही वर म्हटले. अवघड आहे ते जिवंत माश्यांच्या दोन गटांत एकच फरक ठेवणे.

वर्गासाठी तीन प्रश्न

आठवीच्या मुलांनाही असा दावा तपासता येतो. त्यांना तीन प्रश्न द्यावेत. एक, तुलना कुणाशी केली आणि तो गट स्वतः किती धडधाकट होता? दोन, दोन गटांत दुसरा कोणता फरक राहून गेला असेल? तीन, जे मोजले तेच सांगितले जात आहे की दुसरेच? रंग फिका झाला हे मोजले आणि आयुष्य वाढते असे सांगितले, तर मधल्या पायऱ्या कुठे आहेत? बटाट्याच्या तीन फोडी दाखवून झाल्यावर हे प्रश्न विचारले तर मुले स्वतःच उत्तरापर्यंत येतात, असा आमचा अनुभव आहे. घरी आलेली जाहिरात घेऊन तेच प्रश्न लावायला सांगा. त्या दिवशीचा गृहपाठ मुले विसरणार नाहीत.

बाईंना आम्ही नंतर पत्राने कळवले, ते इथेही लिहितो. प्रयोग खरा होता, पण त्याचा तक्त्यावरचा अर्थ टिकलेला नाही. त्याच संशोधकांनी दीर्घायुषी माश्या घेऊन पुन्हा पाहिले, तेव्हा आयुष्य वाढले नाही. सासूबाईंना हंगामातली जांभळे, आवळा, पालेभाजी, वरण-भात जरूर द्या. अन्नाचे फायदे एका रेणूवर अवलंबून नसतात. बाटलीने आयुष्य वाढेल याला मात्र माशी साक्षीदार म्हणून उभी राहणार नाही. ते पैसे त्यांचे डोळे आणि रक्तदाब तपासून घ्यायला वापरले तर अधिक बरे.

बाईंचे उत्तर आले. तक्ता त्यांनी फाडला नाही. माशीच्या चित्राखाली मुलांनी आणखी एक ओळ लिहिली आहे : ‘१९९४ : वाढले. २००३ : पुन्हा मोजले, वाढले नाही. का?’ तालुक्याच्या प्रदर्शनात तक्ता तसाच लावणार आहेत.